दुसरं पाणी

म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात ऐंशी खाटा होत्या. त्या ऐंशी खाटांवरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सदरे, गाऊन असं सगळं आठवड्यातून दोनदा जिच्या हाताखालून जायचं, तिला सगळे नाकवाली म्हणायचे. नाक काही फार मोठं नव्हतं. पण ती बाई प्रत्येक गोष्ट आधी हुंगायची. ओला कपडा हुंगायची, वाळलेला हुंगायची, इस्त्री झालेला घडीच्या आत नाक घालून हुंगायची. इस्त्रीवाला म्हणायचा, हिच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही, हिला त्याचाही वास येतो. तो चेष्टेनं म्हणायचा, पण एकवीस वर्षांत दोनदा असं झालं होतं की कुठल्या खाटेवरच्या माणसाला ताप भरणार, ते तिनं डॉक्टरांच्या आधी उशीच्या अभ्र्यावरून सांगितलं होतं. कसं कळलं म्हणून विचारलं तर खांदे उडवायची. कळलं म्हणजे कळलं. त्याला काय कारणं द्यायची?

तर ही गोष्ट त्या बाईच्या चुकीची आहे. नाकाच्या चुकीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाकानं आपलं काम चोख केलं. पुढचं काम तोंडाचं होतं, आणि तोंडानं ऐनवेळी दगा दिला.

आश्रमाच्या मागे दोन गल्ल्या सोडून तिच्या नणंदेची पत्र्याची शेड होती. नणंद साबण बनवायची. तिच्या बापानं सुरू केलेला धंदा, भावानं तोंड फिरवलेलं, म्हणून हिच्या गळ्यात आलेला. त्याच रस्त्याच्या टोकाला एक तेलाचा घाणा होता. तेल गाळून झालं की तळाला जो गाळ उरायचा तो घाणेवाला हिला द्यायचा. हिच्या लोखंडी काहिलीत तो गाळ पडायचा, वर खार पडायचा, आणि दोन दिवस ढवळून ढवळून त्याची जी काही खीर व्हायची ती लाकडी साच्यांत ओतून नणंद सहा आठवडे त्याकडे बघायचीही नाही. सहा आठवड्यांनी वड्या निघायच्या. रंग ओल्या मातीचा, दिसायला दगड. त्या किसून, पत्र्याच्या डब्यांत भरून, हातगाडीवर घालून दर मंगळवारी ती स्वतः आश्रमात यायची आणि मागच्या आठवड्याचे रिकामे डबे घेऊन जायची. डबे इतके जुने होते की त्यांच्यावर आधी काय लिहिलेलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ना पुडा, ना खोका, ना चित्र. टाकून द्यायला काही उरायचंच नाही, तर पर्यावरण वाचवण्याच्या गप्पा मारणार कोण?

त्या साबणाची एक खोड होती. तो एका पाण्यानं निघायचा नाही. दोन पाणी द्यावी लागायची, पहिलं कढत, दुसरं गार. धुलाईघरातलं मोठं मशीन जुनं होतं. पाणी सोडायचं चाक हातानं फिरवावं लागायचं. नाकवालीच्या मनगटाला ते चाक इतकं सवयीचं झालं होतं, की ती इस्त्रीवाल्याशी भांडता भांडता दुसरं पाणी सोडायची आणि तिला पत्ताही नसायचा. हे लक्षात ठेवा, कारण सगळी माती इथेच झाली.

आता नणंदेबद्दल. नणंद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जी बाई उभी राहते, तशीच ती होती. तिखट. चौदा वर्षांपूर्वी नाकवालीचा नवरा गेला तेव्हा ती दारातच म्हणाली होती, की भाऊ माझा गेलाय, तू उगाच माझ्यापेक्षा जास्त रडू नकोस. आणि मग तीन महिने तिच्याकडे राहिली. तिला उठवलं, न्हाऊ घातलं, रागं भरत जेवायला लावलं, हात धरून पुन्हा धुलाईघराच्या दारात नेऊन सोडलं. ती नोकरीही मुळात नणंदेच्याच शब्दानं लागलेली होती. म्हणून मंगळवारी हातगाडी आत आली की टोमणे सुरू व्हायचे. वहिनीबाई, मशीन चालवतेस का मशीन तुला चालवतं? ही चादर धुतली आहे की हिला नुसती आंघोळीची धमकी दिली आहे? नाकवाली म्हणायची, वन्सं, तुमचा साबण आधी सुधारा, वास येतो म्हाताऱ्या बकऱ्याचा. नणंद म्हणायची, तो तुझ्याच नाकाचा वास आहे, जवळ आहे म्हणून तुला कळत नाही. सगळं धुलाईघर हसायचं. मंगळवारी कुणी रजा घ्यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आश्रमात नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस फायलींवर जगणारा होता. ज्याचा कागद नाही ते त्याच्या लेखी झालेलंच नसायचं. विश्वस्तांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की आता सगळा कारभार हिरवा करायचा. हिरवा म्हणजे काय, तर ज्या वस्तूवर पान छापलेलं असेल ती घ्यायची. म्हणून एके दिवशी एक विक्रेता आला, कोट घालून, बॅग घेऊन. त्यानं टेबलावर पावडरचा चकचकीत पुडा ठेवला. पुड्यावर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब. खाली लिहिलेलं, एकाच पाण्यात स्वच्छ, पाणी वाचवा. ती पावडर कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात बनून, प्लास्टिकच्या पिशवीत बसून, तीन गाड्या बदलून तिथवर आली होती. दोन गल्ल्यांपलीकडून हातगाडीवर येणारा साबण मात्र हिरवा नव्हता, कारण त्याच्यावर पान छापायला कुणाला सुचलंच नव्हतं. असल्या अकलेचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

व्यवस्थापकांनी नाकवालीला बोलावून घेतलं आणि पुडा पुढे केला. तिनं तो उघडून हुंगला.

वास गोड होता. फुलाचा म्हणून दिलेला, पण कुठल्याही फुलाचा नसलेला. त्या गोडव्याच्या मागे काहीतरी टोकदार होतं. ते नाकाच्या मुळाशी जाऊन बसलं आणि तिथून हललं नाही. तिच्या मनात एकच वाक्य आलं, अगदी स्पष्ट, कुणी कानात सांगावं तसं: हे कापडातून निघणार नाही. हे कातडीला चिकटणार.

ती बोलणारच होती. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्यानं कोपरखळी मारली. म्हणाला, साहेब, हिचं नाक वाकडं झालेलंच आहे बघा, घरचा साबण जातोय ना. सगळे हसले, विक्रेताही हसला. इस्त्रीवाल्याच्या मनात काही नव्हतं. पाच मिनिटांनी तो ते विसरलाही. पण व्यवस्थापक हसले नाहीत. ते मान डोलावून म्हणाले की नातं आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच चाचणी बाईंनीच करावी असं त्यांना वाटतं. एक आठवडा वापरून बघावं, फॉर्म भरावा. त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणजे उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको.

झालं. तिचं तोंड तिथेच शिवलं गेलं.

हा फार चलाख सापळा होता आणि तो कुणीच मुद्दाम लावलेला नव्हता. तिनं पावडर नको म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, नणंदेसाठी म्हणाली. कारण विचारलं असतं तर सांगायला काय होतं? नाकाच्या मुळाशी काहीतरी बसलं, हे फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहितात? एकवीस वर्षं नोकरी वशिल्याची म्हणून ऐकून घेतलेलं. आपण स्वच्छ आहोत हे दाखवायची एक संधी समोर आली आणि तिला त्या संधीची हाव सुटली. हो, हावच. पैशाची नव्हे, चांगलं म्हणवून घेण्याची. ती हाव माणसाला जास्त खाली नेते, कारण ती करताना आपण ताठ उभे आहोत असं वाटत असतं.

तिनं आठवडाभर चाचणी केली. पुड्यावर लिहिलेल्या मापानं पावडर घातली, लिहिलेला वेळ मशीन फिरवलं, मग पाणी सोडलं. आणि मग, इस्त्रीवाल्याला टॉवेलांच्या घड्यांवरून बोलता बोलता, तिच्या मनगटानं चाक फिरवून दुसरं पाणीही सोडलं. रोज. सातही दिवस. पुड्यावर एकच पाणी लिहिलेलं होतं, तिनं ते वाचलंही होतं. पण हात वाचत नाहीत. चादरी छान निघाल्या. पांढऱ्या, मऊ.

तरीही सातव्या दिवशी वाळलेली चादर तिनं तोंडापाशी धरली तेव्हा ते टोक तिथे होतं. बारीक. दोन पाण्यांनीही न गेलेलं. ती चादर हातात धरून बराच वेळ उभी राहिली. इस्त्रीवाल्यानं विचारलं, काय गं, पहिल्यांदा बघतेस का चादर? ती काही नाही म्हणाली आणि घडी करून टाकली.

फॉर्मवर एक ओळ होती: धुतल्यानंतर वास राहतो का. पुढे दोन चौकोन. तिनं नाहीच्या चौकोनात खूण केली. खाली निकाल: समाधानकारक. खाली सही.

सही करताना हात थरथरला वगैरे काही नाही. उलट तिला हलकं वाटलं. संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं त्याच पावडरचा छोटा पुडा स्वतःसाठीही घेतला. मांडणीवरून उचलताना बोटं क्षणभर थांबली होती. मागे रांग होती, तिनं उचलला. जे चांगलं म्हणून आपण सही केली ते आपल्या घरात नको का? खोटं एवढ्यावर भागवत नाही. ते आपल्या मागोमाग घरी येतं आणि आपल्याच मोरीत बसतं.

नणंदेला तिनं सांगितलं नाही. रोज उद्या सांगू म्हणाली. मंगळवारी हातगाडी फाटकात आली तेव्हा पहारेकऱ्यानं तिला कागद दिला, की पुढच्या महिन्यापासून माल नको. नणंद कागद हातात घेऊन धुलाईघराच्या दारात आली. चिडलेली होती. म्हणाली, मी विश्वस्तांकडे जाते, त्यातले दोघं माझ्या बापाच्या साबणानं न्हालेले आहेत, बघू कसे नाही म्हणतात ते. पदर खोचून निघालीच होती. मग वळली.

"तू हुंगलंस का ते?" तिनं विचारलं.

"हुंगलं."

"मग?"

धुलाईघरात मशीन चालू होतं. इस्त्रीवाला ऐकत होता. नाकवालीनं त्याच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"चांगलं आहे, वन्सं."

 नणंदेनं कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"तू चांगलं म्हणालीस म्हणजे चांगलंच असणार," ती म्हणाली. "मग कशाला भांडू? म्हाताऱ्यांना चांगलं मिळत असेल तर मिळू दे." आणि रिकामे डबे गाडीवर रचून निघून गेली. विश्वस्तांकडे ती गेली नाही. जगात एकाच नाकावर तिचा विश्वास होता, आणि त्या नाकानं कौल दिला होता.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. आश्रम हेच तिचं मोठं गिऱ्हाईक होतं. चार घरं आणि एक न्हाव्याचं दुकान यांच्या जोरावर काहील पेटत नाही. तिनं चार महिने कळ काढली. मग गाळ उचलायचं थांबवलं. घाणेवाल्याचा गाळ पडून राहू लागला. त्याचंही वय झालं होतं, त्यानं घाणा बंद करून जागा गाड्या धुणाऱ्याला दिली. काहील भंगारात गेली. शेडमध्ये आता कुणाच्या तरी खुर्च्या ठेवलेल्या असतात. एका सहीनं इतकं सगळं मोडतं यावर नाकवालीचा तेव्हा विश्वास बसला नव्हता. वाटायचं, वय झालं म्हणून वन्संनी आवरतं घेतलं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

इकडे आश्रमात मशीनला नवं बटण बसलं. एक पाणी, की मशीन आपोआप बंद. चाक काढून टाकलं. किती पाणी वाचलं याचा आकडा व्यवस्थापकांनी फळ्यावर लिहायला सुरुवात केली, आणि आलेगेले त्या फळ्यापाशी उभे राहून माना डोलवू लागले. तिसऱ्या आठवड्यापासून म्हातारी माणसं खाजवू लागली. आधी दोघं, मग दहा, मग मोजणं सोडून दिलं. डॉक्टरांनी मलम दिलं. हवा बदलली म्हणाले, वय म्हणाले, जेवणातलं काहीतरी म्हणाले. जेवणातून तीन भाज्या काढल्या. म्हातारी माणसं खाजवत राहिली.

बाराव्या खाटेवर एक शिंपीणबाई होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. दिसायचं जवळपास बंद झालेलं, पण बोटं शाबूत. साठ वर्षं कापडात गेलेली. पाठीवर सगळीकडे लाल चट्टे उठलेले, त्यामुळे कुशीवर झोपायच्या, बसून पेंगायच्या. नाकवाली त्यांची चादर बदलायला गेली तेव्हा त्यांनी चादरीचा काठ दोन बोटांत धरून चोळला, मग जिभेला लावला.

"ही धुतलेली नाही गं," शिंपीणबाई म्हणाल्या. "भिजवून वाळवली आहेस. खार आहे अजून आत."

नाकवाली म्हणाली, नाही हो, मशीननं धुतली आहे. त्या म्हणाल्या, मशीनला सांग, दुसरं पाणी दे म्हणावं. पूर्वी द्यायचीस ना तू? पूर्वीची चादर हाताला गार लागायची.

तिथे, त्या खाटेपाशी, तिला आपलं मनगट दिसलं. सात दिवस चाक फिरवणारं. पावडर चांगली नव्हतीच; पावडरचा दोष तिच्या सवयीनं धुऊन काढला होता. ज्या हातांनी नणंदेच्या साबणासाठी एकवीस वर्षं दुसरं पाणी सोडलं, त्याच हातांनी परक्या पावडरला पास केलं. आणि एवढं करूनही जो वास उरला होता, तो तिला आला होता. आला होता, आणि तिनं नाही लिहिलं होतं. मनगटाची चूक नकळत झालेली. चौकोनातली खूण नकळत नव्हती.

शिंपीणबाई विचारत होत्या, रडतेस का? ती म्हणाली, नाही, पावडर डोळ्यांत गेली.

त्याच दिवशी दुपारी ती व्यवस्थापकांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. दोन पाण्यांचं सांगितलं, वासाचं सांगितलं, खोटी खूण केली हेही सांगितलं. तिला वाटलं होतं ओरडतील, कागद देतील, घरी बसवतील. तिला ते हवंही होतं. व्यवस्थापकांनी पेन टोपणात घातलं, काढलं, पुन्हा घातलं. म्हणाले, अहो बाई, वासाचं काय एवढं, माणूस आहे, चुकतो. हे लिहून वगैरे देऊ नका, उगाच विश्वस्त विचारत बसतील. पावडर थांबवू आपण. तुमच्या नणंदेचा तो साबण होता ना, तोच पुन्हा सुरू करा. मी ऑर्डर काढतो आजच.

तिची चूक तिच्या हातात तशीच राहिली. कुणी घेतलीच नाही.

नणंद आता शेडमागच्या एका खोलीत राहायची. नाकवाली गेली तेव्हा ती खिडकीपाशी बसून शेंगा सोलत होती. बऱ्याच दिवसांनी आलीस, म्हणाली. बस, म्हणाली. नाकवाली बसली नाही. उभ्याउभ्याच ऑर्डरचं सांगितलं. नणंदेनं ऐकून घेतलं, मग एकेक सांगितलं: काहील नाही, साचे गेले, गाळ आता शहराच्या पलीकडून आणावा लागेल, आणि हे बघ. तिनं हात पुढे केले. तळव्यांना भेगा होत्या, बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली, लाल.

"हे कशानं?" नाकवालीनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कोपऱ्यातल्या मोरीकडे बघायचं सुचलं. कठड्यावर पुडा होता. हिरवं पान, पानावर दवाचा थेंब.

नणंद म्हणाली, की घरचा साबण संपल्यावर कपड्यांना काहीतरी लागणारच. दुकानात दहा तऱ्हेचे पुडे असतात, त्यातलं आपल्याला काय कळतंय. तू चांगलं म्हणाली होतीस, म्हणून तोच आणते. हाताला आग होते, पण म्हटलं माझ्याच हातांना खाराची सवय राहिली नसेल.

नाकवाली खाली बसली. जमिनीवरच. मग तिनं सांगितलं. व्यवस्थापकांना सांगितलं होतं तसं घडाघडा नाही. अडखळत, मागे जात, पुन्हा पुढे येत. नणंदेचे हात शेंगांवर थांबले.

"म्हणजे तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी दारात विचारलं तेव्हाही?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"लोक म्हणाले असते, नणंदेसाठी बोलली."

नणंद खिडकीतून शेडकडे बघत राहिली. शेडमध्ये कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, त्याचा कर्कश आवाज येत होता.

"बोलली असतीस," ती म्हणाली, "बोलून हरली असतीस, तरी चाललं असतं मला. धंदा काय, आज ना उद्या बसायचाच होता. मी भांडले असते, आपण दोघी भांडलो असतो, हरलो असतो. पण मी भांडलेच नाही. घरी जाऊन बसले. तू म्हणालीस म्हणून."

एवढंच. आवाज चढला नाही. नाकवालीनं मान खाली घालून वाट बघितली. आता एखादा टोमणा येईल, चाबकासारखा, आणि त्या टोमण्याला धरून आपल्याला पुन्हा वर येता येईल. नाक कापून देवळात टांग म्हणेल. भावानं काय बघून आणली होती म्हणेल. काहीही म्हणेल. चौदा वर्षं या बाईनं तिला शिव्या घालूनच जगवलं होतं.

नणंद उठली, शेंगांचं ताट ओट्यापाशी सरकवून चहा ठेवते म्हणाली. नाकवाली लगबगीनं उठली, मी करते वन्सं, म्हणाली, आणि पातेल्याला हात घातला. दोन कप भरले. एक भरताना हात हलला आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला, ओट्यावरून खाली, तिच्या पायांवर, सोललेल्या शेंगांच्या ताटात. ती तशीच उभी राहिली. चटका बसलेला पायही मागे घेतला नाही. याहून धांदरटपणा तिनं आयुष्यात केला नव्हता. याला तरी वन्सं काहीतरी म्हणतीलच.

नणंदेनं फडकं घेतलं. ओटा पुसला, ताटातल्या भिजलेल्या शेंगा बाजूला काढल्या, आपल्या कपातला निम्मा चहा तिच्या कपात ओतला.

"असू दे," ती म्हणाली. "होतं असं. भाजलं नाही ना तुम्हाला?"